विलग केलेले जनुक कोणाचे? : मानवी जनुकांच्या पेटंटवादाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते विज्ञान शिकवीत आणि शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर असत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. म्हणून आजच्या विषयाचा प्रारंभ एका शब्दापासूनच करतो. आपल्या मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. कोलंबसाला अमेरिकेचा शोध लागला आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, असे आपण सहज म्हणून जातो. अमेरिका कोलंबसापूर्वीही होती. फोनोग्राफ एडिसनपूर्वी नव्हता. ‘लागला’ आणि ‘लावला’ या क्रियापदांत हा भेद थोडासा सूचित होतो खरा. पण न्यूटननेही गुरुत्वाकर्षणाचा शोध ‘लावला’ असे आपण बिनदिक्कत लिहितो. नित्याच्या व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. पेटंटच्या कायद्याची इमारत मात्र नेमकी याच भेदावर उभी आहे. जे निसर्गात होते ते सापडले, तर त्यावर पेटंट नाही. जे नव्हते ते घडविले, तर त्यावर पेटंट मिळू शकते. (पेटंटला शासकीय परिभाषेत ‘एकस्व’ म्हणतात. शब्द अर्थवाही आहे, परंतु तो रुळला नाही. म्हणून मी पेटंट हाच शब्द वापरतो.) नवी रचना जगापुढे उघड करावी आणि त्या बदल्यात ठराविक वर्षे तिच्यावर एकाधिकार भोगावा, असा हा समाज आणि संशोधक यांच्यातील करार आहे.

आता मानवी जनुक पाहा. ते आपणां प्रत्येकाच्या पेशीपेशीत आहे, आईबापांकडून आलेले आहे आणि कोणाही शास्त्रज्ञाने घडविलेले नाही. तरीही २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले, की त्या वेळी नोंद झालेल्या २३,६८८ मानवी जनुकांपैकी ४,३८२ जनुकांवर अमेरिकेतील पेटंटांमध्ये हक्क सांगितलेला होता. म्हणजे जवळजवळ एक पंचमांश. अमेरिकेच्या कायदेमंडळाने असा काही ठराव संमत केला होता काय? मुळीच नाही. जनतेत ऊहापोह होऊन, साधकबाधक विचार करून हा निर्णय झाला होता काय? तसेही नाही. मग हे घडले कसे, हा माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जनुकांचे नावही नसलेल्या काळात जावे लागते.

जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १९००-०१ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे, जनावरांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे पेटंट पार्क-डेव्हिस या औषधकंपनीच्या हाती आले. मलफर्ड नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने तेच औषध विकावयास घेतले, तेव्हा वाद न्यायालयात गेला. ॲड्रिनलिन हे प्राण्याच्या शरीरात मुळातच असते, त्यावर पेटंट कसले, हा मलफर्डचा बचाव होता. १९११ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी तो फेटाळला. ग्रंथीचा अर्क आणि शुद्ध केलेले ॲड्रिनलिन या व्यवहारात व उपचारात दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि निसर्गातील द्रव्य जसेच्या तसे वेगळे केले असले तरीही ते पेटंटला अपात्र ठरत नाही, असे त्यांनी म्हटले. याच निकालपत्राच्या शेवटी, रसायनशास्त्राचा ओनामाही ठाऊक नसलेल्या माणसाला असले प्रश्न सोडवावे लागतात याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली आहे. ही खंत आपण लक्षात ठेवू.

हा निकाल त्या प्रसंगापुरता समंजस होता. शुद्ध ॲड्रिनलिन ही वैद्यांच्या हाती आलेली खरोखरच नवी वस्तू होती. परंतु त्यातून जो शब्द कायद्यात शिरला, ‘विलग केलेले’, त्याने पुढे शंभर वर्षे राज्य केले.

दुसरा टप्पा १९८० चा. मूळचे बंगालचे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे आनंदमोहन चक्रवर्ती यांनी तेलातील घटकांचे विघटन करणारा एक जिवाणू प्रयोगशाळेत तयार केला होता. १९७२ मध्ये अर्ज केला. पेटंट कार्यालयाने कृतीवर हक्क दिला, परंतु प्रत्यक्ष जिवाणूवर नाकारला. कारण तो सजीव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. वस्तू सजीव आहे की निर्जीव हा मुद्दा नसून ती निसर्गाची आहे की माणसाच्या हातची आहे, हा खरा मुद्दा होय, असे न्यायालयाने सांगितले. चक्रवर्तींचा जिवाणू निसर्गात आढळत नव्हता, म्हणून तो पात्र ठरला. वास्तविक याच कसोटीने शरीरातील जनुक अपात्र ठरावयास हवे होते. परंतु जीवतंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्यांनी या निकालातून एवढाच अर्थ घेतला की दार उघडले आहे. त्या दारातून आत शिरताना हातात १९११ चा शब्द होता: शरीरातील जनुक आमचे नाही, पण शरीराबाहेर विलग केलेले जनुक आमचे आहे.

पहिल्या दशकात याला फारसा विरोध झाला नाही, आणि त्याला सबळ कारण होते. ती पेटंटे औषधनिर्मितीशी निगडित होती. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करवून १९८२ पासून बाजारात आले. त्यापूर्वी ते डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हेही असेच. येथे जनुक हे साधन होते आणि हाती पडणारी वस्तू म्हणजे औषध होते. त्यासाठी कंपनीने भांडवल घातले, धोका पत्करला. तिला काही वर्षे संरक्षण असावे, या म्हणण्यात तथ्य आहे. जनुकपेटंटांच्या विरोधकांनी हे तथ्य पुष्कळदा मोकळेपणाने मान्य केले नाही, असे मला वाटते.

वाद पेटला तो १९९१ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये काम करणारे क्रेग व्हेंटर यांनी जनुकांचे तुकडे झपाट्याने वाचण्याची पद्धत बसविली, आणि त्या तुकड्यांचे कार्य काय याचा पत्ता नसतानाही सरकारी संस्थेने शेकड्यांनी तुकड्यांवर पेटंटचे अर्ज केले. डीएनएच्या रचनेच्या शोधात वाटा असलेले जेम्स वॉटसन त्या वेळी अमेरिकेच्या जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यांनी याला कडाडून विरोध केला. संस्थेच्या संचालिका बर्नाडिन हीली यांच्याशी त्यांचे बिनसले आणि एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी पद सोडले. अर्ज पेटंट कार्यालयाने प्रथमदर्शनी नाकारले व १९९४ मध्ये संस्थेने ते सोडून दिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरविले, की सरकारी व धर्मादाय निधीतून वाचलेले अनुक्रम चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुले करावयाचे. शास्त्रज्ञांच्या जगातील हा संयम वाखाणण्याजोगा आहे. न्यायालयाने किंवा सरकारने सांगण्याआधी त्यांनी स्वतःवर तो घालून घेतला.

त्याच सुमारास माणसांचाही प्रश्न पुढे आला. जॉन मूर या रुग्णाची प्लीहा १९७६ साली लॉस एंजेलिसमध्ये काढली गेली. त्याच्या पेशींपासून तयार केलेल्या पेशीमालिकेवर त्याच्या नकळत पेटंट घेतले गेले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की काढून टाकलेल्या पेशींवर मूरची मालकी नाही. मात्र डॉक्टरांनी आपला आर्थिक हेतू त्याला आधी सांगावयास हवा होता. १९९५ मध्ये तर पापुआ न्यू गिनीतील हागाहाई या छोट्याशा जमातीतील एका पुरुषाच्या पेशींवर अमेरिकी सरकारलाच पेटंट मिळाले. जगभर टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ते सोडून देण्यात आले. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी युनेस्कोने जाहीरनामा काढला, की नैसर्गिक अवस्थेतील मानवी जनुकसंच आर्थिक लाभाचे साधन होऊ नये. ‘नैसर्गिक अवस्थेतील’ हे दोन शब्द वाचताच पेटंट वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. विलग केलेले जनुक नैसर्गिक अवस्थेत नसतेच, हाच तर त्यांचा युक्तिवाद होता. १९९८ च्या युरोपीय निर्देशाने तो उघडपणे स्वीकारला. एकाच कलमाच्या पहिल्या परिच्छेदात जनुकाचा नुसता शोध पेटंटपात्र नाही असे म्हटले. दुसऱ्यात विलग केलेले जनुक, त्याची रचना निसर्गातल्यासारखीच असली तरी, पात्र असू शकते असे म्हटले. एका हाताने नाकारून दुसऱ्या हाताने देण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५ जानेवारी २००१ रोजी आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा आक्षेपांना उत्तर देताना दोन दाखले दिले: लुई पाश्चर यांना १८७३ मध्ये शुद्ध यीस्टवर मिळालेले पेटंट, आणि १९११ चा ॲड्रिनलिनचा निकाल. एकविसाव्या शतकातील मानवी जनुकाचा हक्क अशा रीतीने जनावरांच्या ग्रंथीवर टेकविला गेला. कार्यालयाची वहिवाट हाच कायदा झाला.

या वहिवाटीला धक्का बसला तो स्तनाच्या कर्करोगाच्या प्रकरणात, आणि त्यावर थोडे थांबणे अगत्याचे आहे.

काही कुटुंबांत आई, मावशी, बहीण अशा अनेक स्त्रियांना तरुण वयातच हा रोग होतो. त्यामागे एखादे जनुक असावे ही कल्पना अनेकांना मान्य नव्हती. मेरी-क्लेअर किंग यांनी वर्षानुवर्षे कुटुंबांचा अभ्यास करून १९९० मध्ये दाखवून दिले, की सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी याचा संबंध आहे. मग शर्यत सुरू झाली. १९९४ मध्ये यूटा विद्यापीठाचे मार्क स्कोलनिक आणि मिरियाड जेनेटिक्स या कंपनीच्या गटाने ते जनुक नेमके हुडकले. त्या कामात सरकारी शास्त्रज्ञ आणि सरकारी निधी यांचाही वाटा होता. हेच बीआरसीए-१. दुसरे जनुक, बीआरसीए-२, शोधणारे इंग्लंडचे मायकेल स्ट्रॅटन आधी स्कोलनिक यांच्याबरोबर काम करीत होते. व्यापारी हेतूविषयी मतभेद झाल्याने ते वेगळे झाले. त्यांच्या गटाचा लेख डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास मिरियाडने त्या जनुकावरही पेटंटचा अर्ज दाखल केला.

या जनुकांत विशिष्ट बिघाड असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ५० ते ८० टक्के असते. सर्वसाधारण अमेरिकी स्त्रीच्या बाबतीत ती १२-१३ टक्के. म्हणजे ही चाचणी कुतूहलापोटी करावयाची नव्हे. तिच्या उत्तरावर निरोगी स्त्री आपले स्तन किंवा बीजांडकोश काढून टाकण्याचा निर्णय घेते. पेटंट हाती येताच मिरियाडने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या प्रयोगशाळांना चाचणी थांबविण्याविषयी पत्रे पाठविली आणि अमेरिकेत ही संपूर्ण चाचणी करणारी ती एकमेव संस्था उरली. शुल्क तीन हजार डॉलरांच्या वर गेले. एका रुग्णेचा सरकारी विमा कंपनी स्वीकारीत नव्हती. दुसरीला बीजांडकोश काढण्यापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेचे मत हवे होते. ते देण्यास देशात कोणी नव्हते. आपल्याकडे साध्या शस्त्रक्रियेपूर्वीही माणूस दुसऱ्या डॉक्टरला विचारून येतो. इथे तो मार्गच कायद्याने बंद होता.

याहून गंभीर बाब २००६ मध्ये उजेडात आली. किंग यांच्या गटाने मिरियाडच्या चाचणीत ‘बिघाड नाही’ असे उत्तर मिळालेल्या, परंतु कर्करोगाचा मोठा इतिहास असलेल्या ३०० कुटुंबांची पुन्हा तपासणी केली. सुमारे १२ टक्के कुटुंबांत जनुकाच्या मोठ्या भागाची अदलाबदल झालेली आढळली. ती त्या चाचणीत दिसतच नव्हती. नंतर कंपनीने त्यासाठी पूरक चाचणी आणली, वेगळे शुल्क लावून. स्पर्धक प्रयोगशाळा असत्या तर ही उणीव आधी कळली असती, असा माझा तर्क आहे.

मे २००९ मध्ये रुग्ण, डॉक्टर, संशोधक आणि रोगनिदानतज्ज्ञांच्या संघटना यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आजवर पेटंटचे खटले कंपनी विरुद्ध कंपनी असे होत. इथे प्रथमच ज्यांच्या शरीरात ते जनुक होते ती माणसे पुढे आली. मार्च २०१० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी पेटंटे अवैध ठरविली. जनुक हे इतर रसायनांसारखे नुसते रसायन नसून ते माहितीचे वाहक आहे, आणि विलग केल्याने ती माहिती बदलत नाही, हे त्यांच्या निर्णयाचे मर्म. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने, स्वतःच्याच पेटंट कार्यालयाच्या वहिवाटीविरुद्ध, विलग जनुक पेटंटपात्र नाही अशी भूमिका घेतली. पेटंट अपील न्यायालयाने मात्र २०११ मध्ये, आणि पुन्हा २०१२ मध्ये, दोन विरुद्ध एक मताने कंपनीची बाजू उचलून धरली: विलग करताना रासायनिक बंध तुटतात, म्हणून रेणू नवा.

नारळ झाडावरून उतरविला, सोलला, फोडला. देठ तुटला, सोडण सुटले. म्हणून खोबरे मी निर्माण केले असे म्हणता येईल काय? खोबऱ्यापासून तेल काढण्याची नवी युक्ती मला सुचली तर तिच्यावर माझा हक्क जरूर असावा. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी अशाच अर्थाचा प्रश्न लाकडाच्या बेसबॉल बॅटविषयी केला होता. झाडाची फांदी इथे आणि तिथे कापली की बॅट होत नाही, ती कोणीतरी घडवावी लागते.

१३ जून २०१३ रोजी निकाल लागला. नऊही न्यायमूर्तींचे एकमत. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिले त्याचा सारांश असा, की मिरियाडने महत्त्वाचे व उपयुक्त जनुक हुडकले, पण काही निर्माण केले नाही. आणि सभोवतालच्या द्रव्यापासून वेगळे करणे म्हणजे नवनिर्मिती नव्हे. आधार होता चक्रवर्तींच्याच १९८० च्या निकालाचा. मात्र पूरक डीएनए, म्हणजे जनुकातील निरुपयोगी वाटणारे मधले भाग गाळून प्रयोगशाळेत तयार केलेली प्रत, पेटंटपात्र ठरली. कारण ती माणसाने घडविलेली. हा मध्यममार्ग शास्त्रीय दृष्ट्या सर्वांना पटला नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांनी तर स्वतंत्र टिपणात कबूल केले, की रेणुजीवशास्त्राच्या बारीकसारीक तपशिलांना आपण स्वतःच्या ज्ञानाने दुजोरा देऊ शकत नाही. हँड यांची १९११ ची खंत १०२ वर्षांनी अशी पुन्हा ऐकू आली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने, एका कर्करुग्ण महिलेच्या दाव्यात, याच कंपनीचे तेथील हक्क एकमताने फेटाळले. युरोपात मात्र १९९८ चा निर्देश कायम राहिला.

आपल्या देशाची वाट थोडी वेगळी आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा पेटंट कायदा मुळातच सावध होता. २००२ च्या दुरुस्तीने त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट शब्द आले, की निसर्गात आढळणारी सजीव वस्तू किंवा निर्जीव पदार्थ यांचा शोध म्हणजे पेटंटपात्र नवनिर्मिती नव्हे. येथे पुष्कळांना हळदीचे प्रकरण आठवेल. आपल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, जखमेवर हळद लावण्याविषयी मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट परिषदेने आव्हान देऊन ऑगस्ट १९९७ मध्ये रद्द करविले. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु दोन्ही प्रकरणांचा घोटाळा होऊ देऊ नये. हळदीचा गुण आधीच ठाऊक होता, म्हणून ते पेटंट गेले. तेथे जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुरले. बीआरसीए-१ कोणालाही ठाऊक नव्हते. तेथे आजीबाईचा बटवा उपयोगी नव्हता. प्रश्न नवेपणाचा नसून निर्मितीचा होता, आणि म्हणूनच तो अधिक अवघड.

निकालाच्या दिवशीच अन्य प्रयोगशाळांनी कमी शुल्कात चाचणी जाहीर केली. मिरियाडने उरलेल्या पेटंटांच्या आधारे त्यांच्यावर दावे लावले. डिसेंबर २०१४ मध्ये तेथेही तिची हार झाली. तथापि एक गोष्ट कंपनीकडेच राहिली. एकाधिकाराच्या वर्षांत हजारो स्त्रियांच्या चाचण्यांतून कोणता बिघाड घातक आणि कोणता निरुपद्रवी, याची जी माहिती जमली होती, ती कंपनीने २००४ नंतर सार्वजनिक संग्रहांना देणे बंद केले होते. न्यायालयाने पेटंट रद्द केले. तिजोरीतील वह्या मात्र त्याच्या कक्षेबाहेर होत्या. इतरांनी मग डॉक्टरांना व रुग्णांना आवाहन करून आपापले अहवाल सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची मोहीम हाती घेतली.

आणि तो जुना शब्दही निवृत्त झालेला नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये पेटंटपात्रतेविषयी एक विधेयक मांडण्यात आले. मानवी शरीरात जसे असेल तसे, बदल न केलेले जनुक पेटंटपात्र नाही, असे त्यात आरंभी म्हटले आहे. पुढच्याच ओळींत खुलासा आहे, की जनुक विलग केलेले असेल, तर ते बदल न केलेले मानले जाणार नाही.